लुकेनीसाठी तीस थानं

१० जुलै १७८६
पहाटे माझी बायको लुकेनी गेली. आठ महिने अंथरुणाला होती. तिच्याजवळ राहणाऱ्या नलांदूनं तिला शेवटची आंघोळ घातली. मी शाळा बंद ठेवली. दुपारी लुकेनीचे मामा, म्पान्झू, आले. तिच्या उशाशी बसून मी प्रार्थना म्हणत होतो. ते एवढंच बोलले — “गुंडाळायला कापडाची थानं किती आणायची?”

११ जुलै
टिकावं म्हणून प्रेत मंद धुरात ठेवलंय. कापड मिळेपर्यंत तसंच राहणार. मी म्हटलं, घरी विणलेली ताडाची वस्त्रं आहेत, माझ्या वडिलांना त्यातच गुंडाळलं होतं. मामा हसले. “जावईबापू, तेव्हा गोऱ्यांची इतकी गलबतं कुठे यायची? आता गलबतावरची तीस थानं तरी हवीत. नाहीतर लोक म्हणतील, या घरात दम नाही. पलीकडच्या मालुंगूनं आई साध्या कापडात पुरली. महिन्याच्या आत त्याच्या तीन पोरी विकायला उचलून नेल्या! कुणी गेलं जाब विचारायला?”

खोटं नाही बोलत ते. म्हणूनच एका जागी बसवत नाही.

१३ जुलै
किनाऱ्यावरचा दलाल कापडाच्या बदल्यात माणूसच मागतो. तांबं नको, हस्तिदंत नको. पूर्वी लढाईतले कैदी देत. तीन वर्षं लढाईच नाही.

मामा म्हणाले, “नलांदूला देऊ.” मी उठलो. तर म्हणतात, “जमत नसेल तर गावाला सांगतो, हिनंच भाचीवर करणी केली. मग काय होतं ते बघा.”

नलांदू गुलाम नाही, स्वतंत्र घरातली. दुष्काळात लुकेनीकडे राहायला आली. विकत घेतलेली नाही! अशीला विकता येत नाही, मामांना ठाऊक आहे. म्हणून तर कागद हवाय — ‘लढाईत धरलेली’ असा. आणि गावात लिहिणारा मी एकटा.

१४ जुलै
दिवसभर अंगणात फेऱ्या. दोनदा दौत उघडली, दोनदा झाकली. नलांदूला काहीच माहीत नाही. म्हणाली, “मास्तर, बसा की जरा! जमीन झिजेल.” मग हळूच — “ताईला अजून किती दिवस धुरात ठेवणार? बघवत नाही हो.”

मलाही.

१५ जुलै
लिहिला. चार ओळी.

१९ जुलै
आज पुरलं. तीस थानांचं गाठोडं — दाराची चौकट काढावी लागली. सगळं गाव वाहवा करत होतं. मामा हसत सांगत होते, दलालानं कागद वाचलासुद्धा नाही, त्यात तंबाखू बांधली.

२४ जुलै
नलांदूची आई आली. सांत्वनाला, दोन दिवस चालत. लेकीसाठी भाजलेले शेंगदाणे आणले होते. “पोरगी कुठाय माझी?”

“पाण्याला गेलीय,” म्हणालो.

मग नलांदूचं मडकं उचललं, मागच्या दारानं ओढ्यावर गेलो आणि भरलं.