शालनच्या नावाचं गाणं

शालन,

कॉलेज सोडून मी जामखेडजवळ मुरमाच्या खाणीवर लागलोय. इथं दर ट्रकमागं सरकारला रॉयल्टी भरतात. तुझ्यावर लिहिलेल्या गाण्याचीही मला मिळणार होती, दर कॅसेटमागं एक रुपया. पण कॅसेटवाले शेठ म्हणाले, "गाण्यातनं पोरीचं नाव काढ." माझं डोकं फिरलं. नाव तसंच ठेवायच्या बदल्यात रॉयल्टी, हक्क, सगळंच लिहून दिलं.

परवा तुझा भाऊ भेटला. "टेम्पोवाले गाणं लावून ताईला चिडवत्यात. तिनं क्लास सोडला." मी तसाच नगरला शेठकडं गेलो, गाणं बंद करा म्हणालो. शेठनं माझीच सही दाखवली.

नावासाठी शेठशी भांडलो, पण तुला एकदाही विचारलं नाही. आता पाकिटावर तुझं नाव लिहायला हात उचलत नाही.

महेंद्र