फेर थांबायची जागा

पुणे, ता. १२ फेब्रुवारी १९७२

ती. सौ. मनकर्णाआक्कास,
धाकट्या लंकाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तू धाडलेल्या कुरडया यांनी एकट्याने संपवल्या आणि वर मलाच विचारतात की आक्कांनी एवढ्याच दिल्या का.

आता खरी बातमी. यांच्या बँडपार्टीत रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस येतो. भांडी घासताना मी पंचमीच्या फेराचं गाणं गुणगुणत होते, ते त्याने दारातून ऐकलं आणि हटूनच बसला. आपण बायडावर रचलेलं गाणं, आक्का! असा ठेका त्याने कुठे ऐकला नाही म्हणे. पुढच्या महिन्यात मुंबईला माझ्या आवाजात भरून घेणार आहेत.

आपली बहीण जाऊन दहा वर्षं झाली. तिचं नाव माळावरच्या चार बायांत किती दिवस कोंडून ठेवायचं? गावोगाव निघू दे. तू मोडता घालू नकोस. रंगूला माझे मुके.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेली,
लंका


घोडेगाव, ता. २० फेब्रुवारी १९७२

चि. सौ. लंकास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ते गाणं तुझं एकटीचं नाही, माझंही नाही. बायडाला तिच्या नवऱ्याने हाणत विहिरीपर्यंत नेलं, हे वस्तीवरच्या पाच बायांनी पाहिलं. पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरला. सासूने उठवलं की ती कुणाला तरी भेटायला गेली होती. पंचांपुढे पाचांपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. मी त्यांना बोल लावत नाही, सगळ्यांना तिथेच नांदायचं होतं.

म्हणून आपण ते फेरात ठेवलं, जिथे पुरुषाची सावलीही पडू देत नाही. 'विहिरीवर तुला धाडलं कुणी' असं विचारायचं आणि फेर थांबवायचा. हात खाली. घागर भरून वर येईल एवढा वेळ कुणी अवाक्षर काढायचं नाही. उत्तर त्या थांबण्यात आहे, हे तुला मी सांगायला हवं का?

बायडाची रंगू दोन वर्षांची असताना मी तिला कडेवर आणली. यंदा तिला तेरावं लागलं. पंचमीला ती पहिल्यांदा थोरल्या फेरात उभी राहील, आणि तिची आई कशी गेली ते तिला तिथे, सगळ्या बायांच्या साक्षीने कळेल. त्या दिवसासाठी मी दहा वर्षं तोंड शिवून बसले आहे. तेवढं होऊ दे, लंके. मग तुला काय करायचं ते कर.

जावईबापूंना कुरडया पुढच्या उन्हाळ्यात. तोवर त्यांनी दम धरावा, आणि तूही धर.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मनकर्णा


पुणे, ता. ४ जून १९७२

ती. सौ. आक्कास शि. सा. न.

रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा यांनी शब्द देऊन टाकला होता. मुंबईला काचेच्या खोलीत उभं करून माझा आवाज भरून घेतला. टाळ्यांच्या जागी त्यांनी बोंगो घातला. मधे थांबलं तर ऐकणाऱ्याला रेकॉर्ड बिघडली असं वाटेल, असं संगीतवाल्याचं म्हणणं पडलं, म्हणून त्या जागी त्याने एक शिट्टी टाकली. 'धाडलं कुणी' त्याला रडकं वाटलं, त्याचं 'भेटलं कुणी' केलं. मी अडखळले, पण सगळे वादक खोळंबले होते. आणि आक्का, एका शब्दाचा तर फरक.

पण चाललंय काय सांगू! पुण्यात एक वरात त्याच्याशिवाय निघत नाही. बायडाचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. रंगूला परकराचं कापड धाडते आहे, जांभळं.

एकदा ऐक आणि मग हवं तेवढं रागाव. ते बोलणंही मला गोडच लागेल.
तुझी लंका


घोडेगाव, ता. १८ ऑगस्ट १९७२

चि. लंकास,

कापड मिळालं. रंगूने तोच परकर पंचमीला घातला.

तुझं गाणं तुझ्या पत्राच्या आधीच इथे पोचलं होतं. बाजारात चहाच्या हॉटेलावर कर्णा आहे, त्याच्यावर बैलांचे दलालसुद्धा ठेका धरतात. बायडाच्या नवऱ्याने पुतण्याच्या वरातीत बँडवाल्यांना तेच वाजवायला लावलं आणि शिट्टीच्या जागी शिट्टी मारून नाचला. सासू पाणवठ्यावर सांगत सुटली आहे की आमी दहा वरसं ह्येच म्हणत हुतो, आता तर तिच्या सख्ख्या भनीनंच म्हटलंय. एका शब्दाचाच फरक, नाही का गं?

यंदा पाऊस नाही. झोके बांधायची कुणाला उमेद नव्हती, तरी आम्ही माळावर फेर धरला. रंगू माझ्या शेजारी होती. तिचा हात माझ्या हातात घामेजला होता. मी विचारलं, विहिरीवर तुला धाडलं कुणी, आणि फेर थांबला. हात खाली आले.

रंगूने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. अगदी रेकॉर्डासारखी, जागच्या जागी. पोरी खिदळल्या. त्या पाचांतल्या तिघी अजून आहेत, त्या जमिनीकडे बघत राहिल्या. फेर पुन्हा काही धरला नाही.

घरी आणून मी तिला सगळं उघड सांगितलं. ती रडली नाही. मला म्हणाली, तू खोटं सांगतेस. आई विहिरीवर कुणाला तरी भेटली असं लंकामावशी स्वतःच्या तोंडाने म्हणते, आणि सख्खी मावशी असं उगीच कशाला म्हणेल? चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही.

मला तुझा राग आला आहे आणि तो जायचा नाही. पण पोरीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ते तू लिही. मला लिहू नकोस, रंगूच्या नावाने लिही. तिला वाचता येतं.

माया होती म्हणून एवढं तरी लिहिलं.
मनकर्णा