ह्यांची बंदूक अमेरिकेला निघाली

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर

श्री. उदयसिंह भाऊजी यांस,

विजयमालावहिनीचा नमस्कार. (‘सप्रेम’ मुद्दाम गाळलं आहे. पहिल्याच ओळीत खोटं लिहिलं तर पुढच्या मजकुरावर तुमचा विश्वास बसायचा नाही.) गारगोटीकडे सगळे खुशाल असतील असं धरून चालते. तुमचा गुडघा कसा आहे? वर्षाराणीची साखर आटोक्यात आहे का, की अजून चहात दोन चमचे घालून वर गोळी घेते? मी ठणठणीत आहे. डॉक्टर दर वेळी काहीतरी शोधतात आणि दर वेळी निराश होतात. फोन न करता पत्र लिहिते, कारण माझा नंबर दिसला की तुमच्या शेतातली रेंज जाते, हे गेली अकरा वर्षं माझ्या लक्षात आलेलं आहे. पत्राला रेंज लागत नाही.

बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच, तरी थोरली वहिनी म्हणून माझ्याकडून कळवलेली बरी. राजवर्धननं मला कायमचं अमेरिकेला न्यायचं ठरवलं आहे. ह्या फ्लॅटला गिऱ्हाईक त्यानं तिथं बसून शोधलं, वीस डिसेंबरचं तिकीट काढलं, आणि मग मला विचारलं, आई, तुझी काही अट आहे का? मी म्हटलं, एकच. ह्यांची बंदूक माझ्याबरोबर येणार. बंदूक नाही तर मी नाही. तो हसला. फोनवर माझा चेहरा दिसत होता, तेव्हा लगेच थांबला.

बंदूक कोणती ते तुम्हाला सांगायला नको. मामंजींनी उसात डुकरं शिरतात म्हणून घेतलेली दुनळी बारा बोर. त्यांच्यामागं ह्यांच्या नावावर आली, आणि हे गेल्यावर माझ्या. तुम्हाला ती हवी होती. घराण्याची वस्तू बाईमाणसाच्या हातात कशाला, असं तुम्ही तेराव्याच्या पंगतीत म्हणालात. मी आमटी वाढत होते, ऐकू आलं. (कॉलेजात एन.सी.सी.मध्ये मी नेमबाजीत दुसरी आले होते. तुम्ही जन्मात एकदाच चाप ओढलात, त्यानंतर गोठ्यातली म्हैस दोन दिवस पान्हवली नाही.) आता ही बंदूक माझ्याकडे असते असंही नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठलीही निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होते, आणि आपल्याकडे निवडणूक कधी नसते? लग्न होऊनही माहेरीच राहणाऱ्या मुलीसारखं तिचं चाललं आहे. तरी लायसन माझ्या नावावर आहे. ह्या घरात माझ्या नावावर असलेली ती शेवटची वस्तू, कारण फ्लॅटच्या कागदांवर मी मेमध्येच सह्या करून दिल्या आहेत.

तर आधी अमेरिकेचा कायदा. सूनबाईनं, म्हणजे स्नेहलनं, तो वाचून मला समजावला. पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी माणसानं तिथं बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही (शिकारीचा परवाना वगैरे असेल तर गोष्ट वेगळी), पण कायमचं राहायला आलेल्यानं खुशाल बाळगावी. म्हणजे दोन्ही बाळंतपणांना मी सहा-सहा महिने जाऊन राहिले, तान्ही मुलं माझ्या मांडीवर होती, तेव्हा मी धोकादायक होते. आता काही काम उरलं नाही तेव्हा विश्वासू झाले. त्यांच्या गावात बंदुकीचं दुकान किराणा दुकानाशेजारी आहे म्हणे, आधारकार्डासारखं काहीतरी दाखवलं की अर्ध्या तासात घेऊन बाहेर. पण बाहेरून आणायची तर वेगळा अर्ज, वेगळं खातं, वेगळी वाट पाहणं. एका फॉर्मात विचारलं आहे, अर्जदाराला कधी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं का. स्नेहल फोनवर एकेक प्रश्न वाचून माझ्या वतीनं खुणा करत होती. तिथं ‘नाही’वर खूण करायला तिला जरा वेळ लागला. मी मोजत होते.

अमेरिकेचं झालं, मग आपलं. इथून न्यायचीही परवानगी लागते. परवाना शाखेत आकाराम म्हणून कारकून आहे, तरुण, नम्र, आणि एकही रकाना मोकळा न सोडणारा. लायसन पीकसंरक्षणाचं आहे हे बघितल्यावर त्यानं विचारलं, “अमेरिकेत पीक काय घेताय मॅडम?” मी म्हटलं, मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो. तो म्हणाला, “ते हाय, पर पीक?” मी राजवर्धनला फोन लावला. स्नेहलनं अंगणात टोमॅटोची दोन रोपं लावली आहेत असं निघालं. आकारामनं लिहिलं, टोमॅटो. “जनावरांचा उपद्रव?” हरणं येतात. लिहिलं, हरणं. मग सातबारा मागितला. राजवर्धननं घराचे एकवीस पानी कागद पाठवले. आकारामनं ते पुढून मागून चाळले आणि विचारलं, “ह्यात इतर हक्कात कोन हाय?” मी म्हटलं, बँक. त्याचा जीव भांड्यात पडला. “मग आपल्यागतच हाय की,” म्हणाला, आणि शिक्का मारला. ह्या शिक्क्याला महिना गेला, तिकीट जानेवारीवर गेलं.

पुढचा रकाना असा होता: शस्त्र परत येणार की कायमचं जाणार? मी लिहिलं, कायमचं. ह्यावर तीन साहेबांच्या सह्या लागल्या, शिवाय तलाठ्याचा जबाब, पोलीस ठाण्याचा दाखला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र, की बंदुकीची वागणूक चांगली आहे. (ते पत्र माझ्याबद्दल असावं, पण त्यांनी तसंच लिहिलं होतं.) माझ्या स्वतःच्या कागदांना मुंबईच्या वकिलातीत दहा मिनिटं लागली. खिडकीपलीकडची मुलगी गोड हसली, ‘मुलाकडे राहणार का’ म्हणाली, मी हो म्हटलं, झालं. बंदूक परत येणार का हे विचारायला इतके लोक होते. मी परत येणार का, असा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता.

आता खरी शोभा ऐका. सगळे कागद जुळल्यावर बंदूक प्रत्यक्ष बघायची म्हणून मी ती रिक्षातून कचेरीत नेली. (रिक्षावाल्यानं विचारलं, तंबोरा काय ओ काकू? मी व्हय म्हटलं. परवाना पर्समध्ये होता, पण भरचौकात कोण समजावत बसतो?) आकारामनं लायसनाचं पुस्तक उघडलं, बंदूक उलटी केली, सुलटी केली, खिडकीकडे नेली, चष्मा पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, नंबर कुठाय ओ?”

चापाच्या वर, जिथं नंबर कोरलेला असतो, तिथं आरसा होता. माझा चष्मा दिसत होता त्यात.

भाऊजी, तुम्ही हसाल म्हणून आधीच सांगते, कारण मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. दर खंडेनवमीला घरातली शस्त्रं पूजेला लागतात. आपल्याकडे शस्त्रं म्हणजे तीन विळ्या, एक कोयता, मामंजींची गंजकी तलवार आणि ही. पूजेच्या आदल्या दिवशी मी सगळा ढीग भांडी घासणाऱ्या विठाबाईपुढं टाकायची आणि सांगायची, काळं काही राहता कामा नये. विठाबाईनं चव्वेचाळीस वर्षं ती बंदूक चिंच, मीठ आणि विटेच्या भुकटीनं, देवाच्या तांब्याबरोबर, घासली. हे बिचारे दाराशी उभे राहून म्हणायचे, अगं, बंदुकीला तेल लावतात. मी म्हणायची, ताटांनाही जेवणानं तेल लागतं, म्हणून ती घासत नाही का? वर हळद-कुंकू, झेंडूची माळ. नंबर पहिली वीस वर्षं पुसट होत गेला असेल, पुढची चोवीस वर्षं आम्ही नुसता लोखंडाचा जीव घेतला. (ठाण्यात जमा करताना काय, माझ्या नावावर करताना काय, सगळ्यांनी नंबर लायसनाच्या पुस्तकातूनच उतरवून घेतला, बंदूक कुणी उलटी केली नाही.)

नंबर खोडलेली बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे. आकाराम मला खुर्ची द्यायचा, त्यानं ती आपल्याकडे ओढून घेतली. मोठ्या साहेबांनी विचारलं, नंबर कुणी खोडला? मी म्हटलं, विठाबाईनं. कोण विठाबाई? टोळीचं नाव विचारावं तसं विचारलं. दुसऱ्या दिवशी तिचा जबाब झाला. ती नवी नऊवारी नेसून आली, पान खाऊन. “व्हय सायेब, मीच घासली. दर साली घासतोय. वैनीसाब म्हनत्यात, काळं ऱ्हायलं न्हाय पायजे. मग काय देवाम्होरं तशीच मळकट ठिवू?” साहेब म्हणाले, मावशी, त्याच्यावर आकडे होते. ती म्हणाली, “हुतं की. लई घट्ट हुतं. पर मी सोडतोय व्हय?” जबाबाखाली अंगठा उठवून माझ्याकडे अशी बघत होती, की मी शाबासकी द्यावी. त्या जबाबात ‘वैनीसाब’ हा शब्द अकरा वेळा आहे. बंदूक जमा झाली, तिकीट फेब्रुवारीवर गेलं, आणि राजवर्धननं मला सबंध आठवडा ‘आई’ म्हटलं नाही, नुसतं ‘ऐक’ म्हटलं.

तिथंच सगळं आटपायचं. पण हुस्ना आठवते ना, माझी कॉलेजातली मैत्रीण? तिचे थोरले दीर बादशहाभाई मंगळवार पेठेत राहतात. त्यांच्या तीन पिढ्यांनी बंदुका दुरुस्त केल्या. आता डोळ्यांना दिसत नाही फारसं, पण बोटं शाबूत आहेत. हुस्नानं मला न विचारता त्यांना कचेरीत पाठवलं. त्यांनी नळीखालचा लाकडी हात एका झटक्यात सुटा केला, नळ्या उतरवल्या, आणि आतल्या सपाट बाजूवरून अंगठा फिरवत म्हणाले, “भाभी, विलायतेतला कारागीर एवढा कच्चा नसतो. तो नंबर दोन ठिकाणी घालतो. एक सरकारला, एक बाईमाणसांपासून लपवून.” काल कोरल्यासारखा स्वच्छ नंबर, वर तेलाचा हात. चिंच तिथपर्यंत पोचलीच नव्हती. आकारामनं टाळी वाजवली. मोठ्या साहेबांनी पेढे मागवले. मी बादशहाभाईंना घरी नेऊन चहा दिला. साखर घालायची राहिली, त्यांनी तो तसाच संपवला.

तर सगळे कागद पूर्ण आहेत. काल कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली: कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. अठ्ठावीस तारखेला मुदत संपते. राजवर्धननं तिकीट पुन्हा वीस डिसेंबरवर आणलं आहे. मुलगा कर्तबगार आहे, सगळे म्हणतात. मीही म्हणते, चारचौघांत.

लहानांना आशीर्वाद, वर्षाराणीला सांगा की दुसरा चमचा बंद कर.

तुमची वहिनी,
विजयमाला

ता. क.
सोबत एक झेरॉक्स आहे. लायसन माझ्या नावावर होऊ नये म्हणून अकरा वर्षांपूर्वी तुम्ही कचेरीत दिलेला अर्ज. ‘सदर महिला तापट, हट्टी व चष्मा वापरणारी असून, सदर बंदूक घराण्याची असल्याने बाहेर जाऊ देऊ नये, मी सख्खा भाऊ या नात्याने हरकत घेत आहे.’ तेव्हा मी तो फेटाळून घेतला, कारण वाईट लिहिला होता. आता तसाच पुन्हा द्या, अठ्ठावीसच्या आत. गोष्टी सगळ्या खऱ्याच आहेत, चष्म्याचा नंबर तर वाढलाय. आकाराम म्हणाला, घरातली हरकत आली की प्रकरण दोन वर्षं हलत नाही. बंदूक हवी असली तर नंतर तुम्हीच ठेवा. मला तिचं काय करायचंय?

आणखी ता. क.
पाकीट बंद करणार तोच राजवर्धनचा फोन आला. म्हणतो, आई, कागदांचं काही अडलं तरी काळजी करू नको, इथं नवीन घेऊन देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. तू फक्त ये.

म्हणजे बंदुकीला हरकत घेऊन भागायचं नाही. एक अर्ज माझ्यासाठीही लिहा. लिहिता येईल तसा लिहा, ह्या वेळी मी चुका काढणार नाही. कचेरीत नको, राजवर्धनलाच पाठवा. पत्ता पाकिटाच्या मागच्या बाजूला आहे.