पाण्यात सोडलेला गडी

जामखेड,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. नितीन यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझे दाजी मजेत आहेत. डेपोत नवीन गाड्या आल्या म्हणून पेढे वाटले, माझ्या वाट्याला मात्र तीच खिडक्या वाजणारी गाडी. माझी भावजय काय म्हणते, शुभांगीची तब्येत कशी आहे? चाकणला पाऊस आहे का? इकडे नुसतं आभाळ येतं आणि जातं.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. पत्र काही ब्लॉक करता येत नाही.

आता खरं सांग. तू तिसगावला आईकडे कधी कधी येऊन जातोस?

कानावर हात ठेवू नकोस. मी एसटीत कंडक्टर आहे. चांगलं मिसरूड फुटलेलं पोरगं मांडीवर घेऊन 'अर्धं तिकीट द्या' म्हणणाऱ्या बाया मी रोज बघते. कोण खोटं बोलतंय ते मला मानेवरून कळतं.

अण्णा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू आईला म्हणालास, घर विकू, माझ्याकडं चल. ती नको म्हणाली. तू म्हणालास, मग राहा एकटी. मग पंगत बसलेली असताना कोपऱ्यात तोंड फिरवून आपला तो हातातला जुना गेम खेळत बसलास, तो आईच्या पेटीत टाकलास आणि न जेवता गेलास. तेव्हापासून तू त्या घराचा उंबरा चढला नाहीस, असं सगळ्या तिसगावला वाटतं. सणासुदीला आईला फोन करून 'बरी आहेस ना' एवढं विचारतोस आणि ठेवतोस, असं आई सांगते. मला मात्र कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

गेल्या महिन्यात मी आईची पत्र्याची पेटी आवरायला घेतली. तर सगळ्यात वर काय? आपला गेम. अण्णा टेम्पोत कांदा घेऊन वाशीला गेले होते आणि भंगारातून आणला होता तो, तळहाताएवढा, आणि त्याच्यासोबतची ती एकुलती एक कॅसेट. मी तर तो तळाशी, अण्णांच्या शालीखाली ठेवला होता. सहज बटण सरकवलं आणि तो चालू झाला! सेल कोरे करकरीत. सुरुवातीला आपली दोन नावं आली, वर नितीन, खाली यशो. तुझं उघडलं. तू गेलास तेव्हा तुझा गडी खेळातल्या गढीच्या तळघरात, त्या हिरव्या पाण्याच्या बोगद्यात उभा होता. मला पक्कं आठवतं, कारण तू गेल्यावर पेटी बंद करण्याआधी मी बघितलं होतं. आता तो वर, पुस्तकांच्या दालनात उभा आहे.

गडी आपल्या पायांनी चालत जात नाही, नितीन.

आईला विचारलं, पेटी कुणी उघडली? ती म्हणाली, "उंदीर फिरत असंल." उंदीर सेल बदलतो का? तिचे डोळे लाल होते. आणि उजव्या हाताचा अंगठा सुजलेला. विचारलं तर म्हणते, "भाकरी थापून दुकतोय." इतकी वर्षं भाकरी थापतेय, आजच दुखला? तुला माहीत आहे, आई सही करत नाही, अंगठा देते. मला एवढंच विचारायचं आहे की तो अंगठा कुठल्या कागदावर लागतोय. घराच्या?

तिच्या डोळ्यांचं तुला काही लिहीत नाही. येत असशील तर बघतच असशील.

शुभांगीला आशीर्वाद. उत्तर दे.

तुझी,
यशोधराताई

*

जामखेड,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

नितीन,
जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. दाजींच्या मोबाईलवर एवढंच: 'मी गेलो नाही. कसलाही कागद नाही. ताईला सांगा, डोकं ठिकाणावर ठेव.' बहिणीला सख्ख्या भावाचं उत्तर नवऱ्याकडून कळावं, वा रे वा! माझं डोकं ठिकाणावरच आहे. म्हणून तर पुन्हा लिहितेय.

पंधरवड्यापूर्वी पेटी बंद करताना झाकणात तिकिटाचा एक कपटा दाबून आले होते. काल सुट्टी होती, गेले. कपटा खाली पडलेला. गढीच्या नकाशात तुझा गडी आणखी पुढे सरकलेला, घड्याळाच्या मनोऱ्याखाली. छगनच्या दुकानात गेले. तो हसत म्हणाला, "यशाताई, तुमच्या आयला पेन्सिल सेल लई लागत्यात हो. बॅटरी हाय का डबडा रेडू?" बघ, आता बाहेरचा साक्षीदारही मिळाला. आईकडे बॅटरी आहे ती चार्जिंगची, आणि रेडिओ अण्णांबरोबरच गेला.

लंकामावशीला गाठलं. शेजारी राहते, तिला सगळ्यांच्या घरातलं माहीत असतं. तर तीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. "मला नगं बाई इचारू, तुज्या आयनं शपत घातलीया." शपथ कशाची ते सांगेना. तू त्या म्हातारीलाही फितवलंस म्हणायचं!

मग मी पुरावा काढायला म्हणून तुझा खेळ नीट बघितला. खरं सांगू? तपासायला बसले आणि चहा गार झाला. किती सुंदर खेळ आहे रे तो! एवढ्याशा पडद्यात केवढी गढी मावलेली. खिडकीमागचा तो लालसर चंद्र, चालताना मागे फडफडणारा गड्याचा कोट, चाबकाचा तो सट्‌ आवाज. आणि संगीत! लहान स्पीकरमधून येतं तरी अंगावर काटा येतो. नावं आपण इंग्रजीत टाकली, बाकी सगळी जपानी अक्षरं, आपल्याला एक ओळ कळली नाही, म्हणून गोष्ट आपणच रचली. गढीत बसून सगळ्यांचं रक्त पिणारा तो फिकट म्हातारा म्हणजे 'मालक', सांगाडे म्हणजे 'हाडके', मेणबत्तीतून नाहीतर मेलेल्या हाडक्यातून पडतात ते 'बदाम'. मालकाच्या हवेलीत आपला माणूस चाबूक घेऊन शिरतो, हेच आपल्याला केवढं आवडायचं! अण्णा तर टाळी द्यायचे.

मला सगळ्यात आवडायचं ते काय माहितीये? जी दारं पहिल्यांदा उघडत नाहीत, ज्या कट्ट्यापर्यंत उडी पोचत नाही, तिथं नंतर परत यावं लागतं. हवेत दुसरी उडी मारायची विद्या मिळाली की मागे फिरायचं आणि तेच दार उघडायचं. ज्याला मागे फिरायची लाज वाटते त्याला ही गढी अर्धीच दिसते. हे मी तुला उद्देशून लिहीत नाही, खेळाबद्दल लिहितेय.

तर पुरावा. देवडीजवळच्या प्रार्थनेच्या खोलीत मूर्तीपुढे दोन मेणबत्त्या आहेत. बाकीच्या फोडल्या की पुन्हा लागतात, या दोन एकदाच. फोडल्या की गड्याचं आयुष्य वाढतं. जगात हा खेळ खेळणारा कुणीही त्या पहिल्या झटक्यात फोडेल. आपल्या घरातच फोडत नाहीत. लहानपणी तू चाबूक उगारलास आणि मागं धान्य निवडत बसलेली आई ओरडली, "वंदनेची मेणबत्ती फोडतो व्हय रं? लाज न्हाई वाटत?" तेव्हापासून आपला तो नियम. तुझ्या गड्याला तिथवर नेऊन बघितलं (सेव्ह केलं नाही), त्या दोन्ही अजून जळतायत. म्हणजे खेळणारा आपल्या घरातलाच. मी नाही. मग राहिलं कोण?

एकच गोष्ट मला खटकते. दोन्ही वेळेला बदामांचा आकडा तोच. एकही वाढलेला नाही. म्हणजे एवढी अर्धी गढी चालून येताना तू एकही मेणबत्ती फोडली नाहीस, एकही हाडक्या मारला नाहीस? तू? जो एका बदामासाठी मला ढकलून द्यायचा? मला वाटतं, मला चकवायला तू मुद्दाम असा खेळतोस. इतका साळसूदपणा बरा नाही.

पुढच्या वेळी न कळवता जाणार आहे, आडवारी. सापडलास तर तिथंच उभा करून विचारीन.

यशोधरा

*

जामखेड,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय नितू,

जय भीम. बरा आहेस ना?

बुधवारी मी ड्यूटी बदलून घेतली आणि दुपारी तिसगावला उतरले. घराच्या अलीकडे चपला हातात घेतल्या. हस, हसायचं तर. आतून तेच संगीत येत होतं, गढीचं. काय काय बोलायचं ते सगळं मी एसटीत पाठ केलं होतं.

दाराच्या आतल्या बाजूला उन्हाच्या तिरिपीला आई बसली होती. चष्मा कपाळावर, गेम नाकाला लावलेला. शेजारी लंकामावशी नकाशा सांगत होती. "आगं डावीकडं घे चांगुने, उजवीकडं पाकोळ्या हायेत!" आणि आई त्या हाडक्यांना म्हणत होती, "सरा बाबांनो, जाऊ द्या आमाला. आमी काय केलंय तुमचं?" एक हाडक्या अंगावर आला तर चाबूक मारायचा सोडून तिने गड्याला उडी मारायला लावली, तो पडला, तिने पुन्हा उठवून उडीच मारायला लावली. अंगठा बटणावर असा दाबलेला की नख पांढरं पडलं होतं.

मला हसू फुटलं आणि तिथंच उंबऱ्याबाहेर मी रडायला लागले. दोघीही दचकल्या. लंकामावशी म्हणाली, "मी न्हाई सांगितलं हां, चांगुने," आणि पदर सावरत निघून गेली.

मी आईला म्हटलं, अगं, हे काय चालवलंयस? आधी तिने उंदराचंच पुन्हा सांगून बघितलं. मग म्हणाली, "वरचं नाव त्याचं, खालचं तुजं, एवढं मला ठावं हाय. बटनं तुमचं बगून बगूनच कळली. त्यो गेला त्या दिवशी मी मागं हुबी हुते. त्यानं त्याला तसाच पान्यात सोडला आन बंद केलं. माज्या डोळ्यांदेकत. तवापासनं रोज वाटायचं, त्ये पोरगं तितं अंदारात पान्यात हुबं हाय. म्हनलं, दारापत्तुर तरी आनून ठिवावं."

मी म्हटलं, आई, तो खेळ आहे गं.

"मला कळतं. येडी न्हाई मी," ती म्हणाली. "पन खऱ्याला आनायचं माज्या हातात हाय का? ह्याला तरी येतंय का बगू म्हनलं."

मला हे कळायला एवढे दिवस का लागले ते मला कळत नाही. सेल, अंगठा, लाल डोळे, न वाढलेले बदाम. सगळं समोर होतं. मला वाटलं आई अंगठा देतेय, आणि ती अंगठ्याने तुला एकेक खोली बाहेर ओढत होती. मेणबत्ती फोडायची नाही आणि कुणाला मारायचं नाही म्हणून तिला एवढे महिने लागले. हाडक्याने मारलं की पुन्हा मागच्या खोलीपासून. लंकामावशी सांगते, दोनदा तर पार तळघरात जाऊन पडली आणि दोन दिवस धड जेवली नाही.

संशय घेतल्याबद्दल मी माफी मागणार नाही. तू येत नव्हतास हे कळल्यावर माझा राग उलट वाढलाय. तू चोरून येत असतास तर बरं झालं असतं रे.

आता डोळ्यांचं लिहिते. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू येत असशील असंच धरून चालले होते. काचबिंदू आहे. नगरला दाखवलं. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्यात थोडं आहे, तेही कडेकडेने कमी होतंय. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर, राहिलंय ते थेंब घालून जपायचं. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. आईला सगळं माहीत आहे. मी गेम काढून घ्यायला लागले तर म्हणाली, "ऱ्हायलंय तेवढं कशासाठी जपू? भिताडं बगायला?"

त्या दिवशी मी शेजारी बसले. लंकामावशीची जागा मी घेतली. शेवटच्या दालनांतून मी सांगत गेले आणि ती चालवत गेली. प्रार्थनेच्या खोलीत त्या दोन मेणबत्त्यांसमोर तिने गड्याला थोडा वेळ उभा केला. मग देवडी, आणि गढीचं मोठं दार. तिने गड्याला दाराशी नेला आणि बटण दाबत राहिली. दार हलेना.

"ह्ये उगडंना गं," ती म्हणाली.

मला सांगावं लागलं. एकदा आत शिरलं की हे दार मागे मिटतं. आतून ते उघडत नाही. मालकाला मारल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. मी म्हटलं, दे, मी मारते त्याला, मला येतं. तिने गेम छातीशी धरला. "नगं. मारामारी नगं. लई भांडून झालं समद्यांचं." मग पदराने पडदा पुसत म्हणाली, "आसू दे त्याला हितंच. पान्यातनं तर निगाला."

पेटी बंद करताना तिने मला बजावलं, ह्यातलं त्याला काही कळवायचं नाही. मी हो म्हटलं. आणि हे लिहायला बसले. कंडक्टरने प्रवाशाला उतरायची जागा सांगायची असते, एवढंच मला येतं.

निघताना मात्र ती दारापर्यंत आली, माझ्या खांद्याला धरून. उजेडात माझ्याकडे बघत होती, पण नजर जरा बाजूला जात होती. म्हणाली, "यशे, तुला त्यातलं समदं येतं. त्ये दार भाईरनं उगडतं का गं?"

मला माहीत नाही, नितू. खेळात मी कधी बाहेरून बघितलं नाही. तू येऊन बघ.

वाट बघणारी,
आणि आईचा राहिलेला एक डोळा तुझ्यावर ठेवून,
तुझी ताई