कपाटाच्या दारामागचा कागद

२६ डिसेंबर, गुरुवार
चिमणीला दात आला. खालचा. सकाळी चमच्याने पाणी पाजत होते, तर चमच्यावर टक् वाजलं. बोट लावून बघितलं, तांदळाच्या कणीएवढा. मीराला हाक मारली, तर सूनबाई लॅपटॉपसमोर. म्हणे, आई, मीटिंग चालू आहे. बरं. लेकीचा पहिला दात आणि आईला मीटिंग.
मग मीच आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधल्या आमच्या जुन्या मैत्रिणींना फोन केले. बोलता बोलता बोरन्हाणाचं आमंत्रणही देऊन टाकलं. संक्रांतीनंतरचा रविवार, १९ तारीख. पस्तीस बायका, पोरं वेगळी. कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, हलव्याचे दागिने पुण्याहून मागवा, पेटीत घालून येतात.
संध्याकाळी प्रशांतला सांगितलं तर म्हणाला, बघू. पोटच्या पोरीचं बोरन्हाण आणि म्हणे बघू. गाडी अजून सर्व्हिसिंगलाच. महिना झाला. विमान आहे का ती.

२९ डिसेंबर, रविवार
आज जेवले नाही.
चिमणीला घेऊन खाली उन्हात गेले होते. पलीकडच्या टॉवरमधून कमला बाहेर आली. आमची कामवाली. मला सांगितलं होतं की गावी गेली, सासू आजारी आहे. मी विचारलं, गाँव से कब आयी? म्हणाली, "आंटीजी, मैं कहीं नहीं गयी. भाभी की नौकरी गयी ना, दिवाली के बाद मुझे मना कर दिया."
म्हणजे कमलाला माहीत. गेटवरच्या गार्डला माहीत, तो म्हणाला गाडी तर विकली ना माताजी. एक मीच तेवढी दोन महिने त्या सासूच्या तब्येतीची चौकशी करतेय.
वर आले तेव्हा मीरा लॅपटॉपवर. कसल्या मीटिंगा. काम शोधतेय पोरगी.

३० डिसेंबर, सोमवार
प्रशांतला विचारलं. म्हणाला, तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचा अंगठा देऊन आले. बँकेला पटलं. घरात कोणाला पटलेलं दिसत नाही.
मी म्हटलं, माझी पेन्शन घे. येते ती सगळी तू माझ्याच नावाने ठेवीत टाकतोस, काय करायचीय मला. तर याचा चेहरा लाल.
"ती बाबांची पेन्शन आहे. तिला हात लावायचा नाही."
"बाबांची नाही, माझी आहे. पस्तीस वर्षं त्यांचा संसार केला त्याची."
दार आपटून गेला. ह्यांच्यासारखाच. हे पण वाद हरायला आले की बूट घालून भाजी आणायला जायचे. घरात भाजी पडलेली असली तरी.

३ जाने., शुक्रवार
धुकं. समोरचा टॉवर दिसत नाही. विमानं नुसती ऐकू येतात.
पुण्याचे दागिने रद्द. हलवा घरीच करणार. या थंडीत काटा फार छान येतो, एवढं एक सुख आहे दिल्लीत. साखरेचा मोठा डबा काढायला वरच्या कपाटाचं दार उघडलं, तर दाराला आतून कागद चिकटवलेला. कॉम्प्युटरवर छापलेला. मी त्या कपाटात कधी हात घालत नाही, स्टुलावर चढायला मनाई आहे.
इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. आणि Aai येतं. मीरा माझ्या गोळ्यांच्या डब्यावर तसंच लिहिते. वरती पगाराच्या दोनच ओळी, एक प्रशांतची, दुसरी खोडलेली. ती मीराची. खाली खर्चाची लांबलचक यादी, आकड्यांवरून ओळखत गेले. घराचा हप्ता सगळ्यात मोठा. दूध कापून निम्म्यावर आणलंय. पेट्रोल, कामवाली, पेपर, सगळ्यावर रेघ. आणि खालून चौथी ओळ Aai. औषधवाल्याच्या बिलाशी आकडा ताडून बघितला, तोच. त्याच्यावर रेघ नाही.
मी खर्चात. वरच्या बाजूला मी नाहीच.
पाक करपला आज.

५ जाने., रविवार
परत पाक केला. परातीत खसखस, खाली मंद आच, एकेक चमचा पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. मीरा शेजारी येऊन बसली. दिल्लीत वाढलेली, हलवा म्हटलं की तिला गाजराचा आठवतो. पण हात चांगला आहे. बोट भाजलं तरी थांबली नाही.
मी सरळ विचारलं, "या घरात मी खर्च आहे का गं?"
तिला लगेच कळलं, कुठला कागद ते. हात थांबले.
"आई, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गोळ्या बंद केल्या असत्या. मागे केल्या होत्या."
केल्या होत्या. बीपीची एक दिवसाआड घेत होते, घराचा हप्ता सुरू झाला तेव्हा. चक्कर येऊन पडले, मग दवाखान्याचं बिल वेगळंच. मी म्हटलं, आच कमी कर.

६ जाने., सोमवार
एक लिहून ठेवते. हे एकदा नोकरीतून आठ महिने सस्पेंड होते, अर्धा पगार. कुणाच्या सहीचा घोळ कुणाच्या अंगावर. तेव्हा मी क्वार्टरभरच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावले. सातारला सासूबाईंना मनिऑर्डर मात्र ठरलेली गेली, एक शब्द कळवला नाही. नंतर कळलं त्यांना, तर वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटायचं, काय खडूस बाई, आपण सोसलं तेही हिच्यासाठीच.
पण ते वेगळं होतं. त्या लांब होत्या. मी तर इथेच, एका भिंतीपलीकडे.

८ जाने., बुधवार
प्रशांत म्हणतो, बोरन्हाण रद्द कर, सगळ्यांना सांग आईला बरं नाही. म्हणजे आता मला आजारीही पाडणार. खोटं बोलायची सवयच लागलीय या घराला. मी तिथल्या तिथे कुलकर्णीवहिनींना फोन लावला. सांगितलं, मीराची नोकरी गेलीय, जेवण नाही, नुसता चहा, आणि येताना प्रत्येकीने मूठभर काहीतरी आणा पोरीवर ओतायला. वहिनी म्हणाल्या, बिल्कुल. मला फार मोकळं वाटलं.
फोन ठेवून वळले तर दारात मीरा.

१० जाने., शुक्रवार
मीरा बोलत नाही. ताट वाढते, गोळ्या देते, बोलत नाही. प्रशांत बोलतो, पण ते न बोललेलं बरं. "तिची नोकरी गेलीय आई, तुझी नाही. तुझ्या अख्ख्या मैत्रिणींच्या मंडळाला कशाला सांगितलंस?"
माझं चुकलं. इथे लिहिते, तोंडाने सांगणार नाही. त्यांनी दोन महिने फसवलं त्याचं काय?
हलवा मात्र काटेरी झालाय. पांढरा शुभ्र. माझी जुनी काळी चंद्रकळा फाडून फ्रॉक शिवतेय. चिमणी चिंधी तोंडात घालते.

१९ जाने., रविवार
झालं बाई.
काळा फ्रॉक, हलव्याचा हार, मुकुट, बाजूबंद. माझी चिमणी पाटावर बसली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिने बाजूबंद खाल्ला. त्या एका दातानं. हसून हसून पुरेवाट. इथली बोरं लिंबाएवढी, डोक्यावर कशी ओतणार, म्हणून चुरमुरेच जास्त. सगळ्याजणी मूठमूठ घेऊन आल्या, एवढं जमलं की पोरांच्या खिशांत मावेना.
देशपांडेमावशींनी भर घोळक्यात मीराला विचारलंच, मिळालं का गं दुसरीकडे? मीरा म्हणाली, "नाही मावशी. शोधतेय. तुमच्या ओळखीत असेल तर सांगा." मान वर करून. मी तिच्याकडे बघितलं, तिने नाही बघितलं.
रात्री गोळ्या देताना एवढंच बोलली, "दागिने सुंदर झाले, आई."

३१ जाने., शुक्रवार
पेन्शन जमा झाली. स्टुलावर चढले. मीराच्या खोडलेल्या ओळीखाली पेनाने लिहिलं, 'आई', आणि पुढे आकडा. निम्म्या पेन्शनचा. सगळी द्यायला मी काय संत नाही, चिमणीच्या पैंजणांना हवेत.
अक्षर वाकडं आलं. स्टूल डगमगत होतं.

१ फेब्रु., शनिवार
नवीन महिना, नवीन कागद. प्रशांतने सकाळीच लावला. वरती दोन ओळी. माझी नाही. खाली Aai आहे, औषधं दोन रुपयांनी वाढलेली, ते बरोबर घातलंय.
चहा केला नाही कोणाला. चार वेळा विचारलं त्याने, काय झालं. म्हटलं, तू बघ ना तुझ्या कागदात.

४ फेब्रु., मंगळवार
रथसप्तमी. दूध उतू घातलं, थोडंसंच, कापलेल्यातलं. प्रशांत टूरवर, शुक्रवारी येईल. मीरा चिमणीला घेऊन लसीच्या डोसाला गेलीय.
कपाट उघडलं. वरच्या दोन ओळींखाली पेन्सिलने तिसरी. Aai. अक्षर मीराचं, गोळ्यांच्या डब्यावरचं. पुढे आकड्याची जागा मोकळी.
खालची Aai पण तशीच आहे.
आकडा मी घालायचा की त्याने, ते काही लिहिलेलं नाही. पेन घेऊन अर्धा तास बसलेय. स्टूल तेवढं भिंतीला टेकवून ठेवलंय, डगमगू नये म्हणून.