शनिवारचा चंद्र

२१ सप्टेंबर, रविवार
मराठी शाळेतल्या मुलांना चंद्र दाखवायचं काम अखेर माझ्याकडे आलं. (मीच मागून घेतलं.) हिमानी म्हणाली, गिटार झालं, योगा झाला, आता हे का? बायकोकडे दुर्लक्ष केलं. बाबाने सुरू केलेली एक तरी गोष्ट पूर्ण झालेली इलाला दिसली पाहिजे. बारा वर्षांची झाली पोरगी. टेलिस्कोप ऑर्डर केला.

२८ सप्टेंबर
मंडळाची मीटिंग. कोजागिरी सहा तारखेला, सोमवारी. वर्किंग डेला इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत कोण येणार? चार तारखेच्या शनिवारी दांडिया. मी सुचवलं, अकरा तारखेला करू, शनिवारी. गणपती, दिवाळी, सगळंच तर आपण वीकेंडला ढकलतो. अध्यक्ष सुलेखाताई लगेच हो म्हणाल्या. पार्कचं परमिट रात्री नऊपर्यंत मिळालं. प्लॅनिंगमध्ये आपला हात कोणी धरणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
स्लाइड्स करत बसलो. इला दोनदा बोलवायला आली, बाबा, कम आउट, द मून इज ह्यूज. म्हटलं, आत्ताच बघितलास तर शनिवारी काय मजा? गेली. मुलांना शिस्त हवी.

८ ऑक्टोबर
इला म्हणते शनिवारी चंद्र खूप उशिरा उगवेल, ॲपमध्ये आहे. या पिढीचा ॲपवर फार विश्वास. कोजागिरीला चंद्र कधी लेट आलाय का?

११ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी ७
आकाश स्वच्छ! मुलं भरपूर. मसाला दूध तयार. चंद्र झाडांमागे असणार.

रात्री ८
टेलिस्कोप मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला. तिथेही झाडं. मुलं विचारतायत, काका, व्हेअर इज इट? सगळ्यांना पार्किंगमधला दिवा दाखवला. फोकस अप्रतिम होता, पण कौतुक कोण करणार! सुलेखाताई म्हणाल्या, बिनचंद्राची कोजागिरी पहिल्यांदाच पाहिली. संताप आला. दूध प्यायला बऱ्या आल्या.

रात्री ९
पार्कचा माणूस गेट बंद करायला आला. पाच मिनिटं मागितली. कशाला, म्हणाला. चंद्रासाठी, म्हटलं. त्याने फोन बघितला आणि सांगितलं, अजून पाऊण तास तरी आहे. त्याच्याकडेही ॲप.

१२ ऑक्टोबर, रविवार
काल घरी येऊन गाडीतून टेलिस्कोप काढतोय, तर शेजाऱ्यांच्या छपरावर चंद्र. एका बाजूने झिजलेला, पण चंद्रच. इलाला हाका मारल्या. दारात आली. म्हणाली, सोमवारी आईबरोबर बघितला, फुल होता. मग म्हणाली, इट्स ओके बाबा, यू लुक. आणि झोपायला गेली.

फार वाईट वाटलं. एकट्यानेच बघितला. फोकस काही केल्या होईना. लेन्स खराब निघाली असणार. उद्या टेलिस्कोप परत पाठवतो.