या शनिवारी मोर्चा नको

अल क्वोज, दुबई
एप्रिल २००२

चि. समाधान, जय भीम.

मी बरा आहे. लेबर कॅम्पातला एसी दुरुस्त झाला. आईचा गुडघा कसा आहे? तिला टीव्हीवरच्या बातम्या दाखवू नकोस, उगीच घोर लावून घेते.

तुमच्या पॅलेस्टाईनच्या मोर्चानंतर कोणीतरी आपल्या आळीतल्या ज्यूंच्या प्रार्थनाघरावर दगड मारले आणि तिथे प्रार्थनेला गेलेल्या आपल्या शेजारच्या दाऊदकाकांचं डोकं फुटलं, हे वाचून मला जेवण गेलं नाही. आमच्या पोरांनी दगड मारला नाही, मग या शनिवारचा मोर्चा का थांबवायचा, असं तू विचारतोस.

मोर्चा खोटा नाही. आमचा फोरमन पॅलेस्टाईनचाच, त्याच्या आईचा फोन लागत नाहीये. पण त्यात दाऊदकाकांनी कोणाचं काय केलं? कोणाच्या तरी रागापायी अख्ख्या वस्तीवर दगड पडणं आपल्याला नवीन आहे का रे?

शनिवार ज्यूंचा पवित्र दिवस, त्या दिवशी दाऊदकाका-काकू विस्तवाला हात लावत नाहीत. त्यांचा स्टोव्ह लहानपणापासून आपणच पेटवत आलो. या शनिवारी झेंडा घरी ठेव आणि काडेपेटी घेऊन जा. ज्या दिवशी काकू ‘कोण आहे?’ न विचारता कडी काढतील, त्या दिवशी पुढच्या मोर्चाची तारीख ठरव.

आईला सांभाळ.

तुझा दादा,
भिवा